अपक्षाचं काम हातात घेताना: कोकणातल्या नवख्या कार्यकर्त्यांसाठी

कोकणातल्या कुठल्याही वाडीत विचारा, पक्ष बघून मत देता की माणूस बघून? उत्तर ठरलेलं आहे: माणूस बघून. आणि विधानसभेचा निकाल लागला की बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन जागांवर पक्षांचीच चिन्हं दिसतात. लोक खोटं बोलतात असं नाही. ग्रामपंचायतीला ते खरंच माणूस बघतात, कारण तिथे पक्षाचं चिन्ह मिळतच नाही. गावविकास पॅनेल विरुद्ध परिवर्तन पॅनेल, आणि आता सरपंचही थेट निवडून. म्हणजे पक्षाविना मत द्यायची सवय आपल्याला पिढ्यान् पिढ्या आहे. ती गावाच्या शिवेपर्यंतच चालते, कारण पलीकडच्या खाडीकाठचा मतदार आपल्या माणसाला ओळखत नाही.

हा लेख त्या शिवेपलीकडच्या कामाबद्दल आहे. एखादा अपक्ष तुम्हाला पटलाय, त्याच्यासाठी धावायची तयारी आहे, पण निवडणुकीचं काम आधी कधी केलेलं नाही, अशा माणसाला धरून लिहितोय. इथले नियम विधानसभेचे आहेत. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपंचायत राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. तिथे उमेदवाराचं वय २५ ऐवजी २१ चालतं, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर उमेदवारी बाद होते, अनामत आणि सूचकांचे, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदारांचे, आकडेही वेगळे. त्यासाठी तहसीलमधून त्या निवडणुकीची पुस्तिका घ्या. विधानसभेची माहिती तिथे ठोकून देऊ नका.

आधी बघा, हा अपक्ष आहे की रुसलेला

आपल्याकडे ‘अपक्ष’ म्हणून उभे राहणारे बरेचसे पक्षातूनच आलेले असतात. युतीत जागा दुसऱ्याला सुटली, तिकीट कापलं, की अर्ज अपक्ष. उरणला २०१९ मध्ये महेश बालदी अपक्ष निवडून आले. ते भाजपचे, जागा शिवसेनेला सुटलेली. २०२४ ला तेच भाजपच्या चिन्हावर उभे राहून आमदार झाले. सावंतवाडीत २०१९ ला राजन तेली असेच अपक्ष लढले आणि पडले. यात बेकायदा काही नाही. बंडखोरालाही मत द्यावं, पण बंडखोर म्हणून द्यावं. राज्यातही तेच: १९९५ च्या विधानसभेत तब्बल ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले बरेच काँग्रेसचे नाराज, आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या टेकूवर मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं. २०२४ ला अपक्ष आमदार उरले फक्त दोन.

जुनी माणसं लगेच नाथ पै आणि मधू दंडवते या समाजवादी खासदारांची नावं काढतात. राजापूर मतदारसंघाने नाथ पैंना तीनदा आणि दंडवत्यांना १९७१ पासून सलग पाच वेळा दिल्लीला पाठवलं, तेही बहुतेक वेळा सत्तेबाहेरच्या पक्षांतून. माणूस बघून मत दिल्याचं ते उदाहरण खरं. पण दोघांच्याही मागे समाजवाद्यांची गावोगाव फिरणारी माणसं होती. अपक्षाकडे नेमकी तीच नसतात, म्हणून तर तुमची गरज.

तेव्हा उमेदवाराला पहिल्या बैठकीतच, चारचौघांत, एक प्रश्न विचारा: निवडून आलात तर सभागृहात कोणाच्या बाजूने बसणार? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार नंतर पक्षात गेला तर त्याची आमदारकी जाते. पक्षात न जाता सरकारला बाहेरून पाठिंबा द्यायला मात्र त्याला मोकळीक आहे, आणि सगळा बाजार तिथेच भरतो. ‘जनतेला विचारून ठरवीन’ हे उत्तर नव्हे. कोणाबरोबर अजिबात जाणार नाही, एवढं तरी त्याच्या तोंडून वदवून घ्या आणि ते छापील पत्रकात टाका. जो छापायला कचरतो त्याच्यासाठी मी तरी चपला झिजवणार नाही.

आणखी एक जात ओळखून ठेवा: नावाचा फायदा घेण्यासाठी उभा केलेला अपक्ष. रायगडला २०१४ च्या लोकसभेत सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्याच यादीत त्याच नावाचा एक अपक्ष होता आणि त्याला साडेनऊ हजारांवर मतं पडली होती. आपल्या मतदारसंघात असा कोणी उगवलाय का, हे अर्ज भरून होतात त्याच संध्याकाळी यादी बघून कळतं.

दहा सह्या

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाच्या यादीतले. ऐकायला सोपं वाटतं. कोकणात इथेच घोटाळा होतो, कारण गावात राहणारा माणूस गावच्या यादीत असेलच याची खात्री नाही. त्याचं नाव विरारला किंवा दिव्याला असतं, रेशनकार्ड इथलं, आणि तो छातीठोकपणे सांगतो, ‘माझं नाव हायच.’ तोंडी शब्दावर जाऊ नका. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीत स्वतः बघा. पक्षाच्या उमेदवाराला ही यादी फुकट मिळते. अपक्षाला पैसे भरून घ्यावी लागते किंवा संकेतस्थळावरून उतरवावी लागते. कोणी अंगठा देणारं असेल तर तो अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो, म्हणजे त्या आजीला तालुक्याला नेण्याची सोय आधी करा.

एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात. ते भराच, आणि चारही अर्जांवर वेगळे दहा-दहा सूचक घ्या. छाननीत एखाद्याची सही खोटी ठरली तर दुसरा अर्ज जिवंत राहतो. शिवाय चाळीस सूचक चाळीस वेगवेगळ्या गावांतून आणता आले तर तुमची पहिली संघटना तयार झाली असं धरा. चाळीसही उमेदवाराच्या भावकीतले निघाले, तर तेही काय ते सांगून जातं.

अर्ज म्हणजे नमुना २ब, त्याबरोबर नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र. यातल्या मिळकतीच्या रकान्यावर एक अख्खी संध्याकाळ जाते. कोकणातला सातबारा तुम्हाला माहीत आहे: आजोबांच्या नावाचे सोळा वारस, त्यातले चार वारलेले, दोन पत्ता नसलेले, आणि आपल्या उमेदवाराचा हिस्सा सामाईक. ‘माझ्या नावावर काय नाय’ म्हणून तो मोकळा होऊ पाहील. होऊ देऊ नका. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा, गट क्रमांक, क्षेत्र, आजची अंदाजे किंमत, सगळं लिहायचं. बायकोच्या नावाची कलमांची बाग, होडीवरचं कर्ज, सोसायटीचं पीककर्जही. ज्या रकान्यात सांगण्यासारखं नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. रकाना कोरा ठेवून दुरुस्त केला नाही तर अर्ज फेटाळता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगून ठेवलंय. गुन्हे दाखल असतील, अगदी रिफायनरीच्या आंदोलनात रस्ता अडवल्याचे असले तरी, लपवू नका. ते वर्तमानपत्रात तीन वेळा जाहीरही करावे लागतात.

अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडलेलं हवं. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. शेवटच्या दिवशी मुहूर्त बघून मिरवणुकीने जायचं ठरवलंत तर घाटात एक ट्रक आडवा होतो आणि तीन वाजतात. अर्ज दिल्यावर उमेदवाराने शपथ घ्यायची असते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. वाजतगाजत अर्ज भरून शपथ विसरणारे दर निवडणुकीला कुठे ना कुठे सापडतात.

माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत हात आखडता

छाननीत अर्ज टिकला की लोक लगेच बॅनर छापायला धावतात. थांबा. चिन्ह अजून मिळालेलं नाही, आणि तुमचा उमेदवार टिकतो का हेही नक्की नाही. माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळपासून त्याचा फोन ‘नॉट रीचेबल’ लागायला लागला, तर कुठल्या तरी पुढाऱ्याच्या बंगल्यावर चहापाणी चाललेलं असतं असं समजा. दुपारी तीन वाजले आणि नाव यादीत राहिलं, तर मग खिशाला हात घाला.

अर्जात मुक्त चिन्हांतली तीन पसंतीक्रमाने लिहायची असतात. एकच चिन्ह दोघा अपक्षांनी मागितलं तर चिठ्ठी टाकतात. यंत्रावर चिन्ह काळ्या-पांढऱ्या रेषांत छापलेलं असतं, त्यामुळे नारळाची बाग किंवा फणस आपल्याकडे कितीही जवळचे वाटले तरी बारीक चित्रात ओळखू येत नाहीत. शिट्टी, कपबशी, रिक्षा असं काही मिळालं तर बरं. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर नोंदणीकृत पक्ष, आणि सर्वांत शेवटी अपक्ष. एका यंत्रावर ‘नोटा’ धरून सोळाच नावं मावतात. उमेदवार जास्त झाले तर तुमचा माणूस दुसऱ्या यंत्रावर जाऊ शकतो, आणि पहिल्याच यंत्रावर शोधून न सापडलेला म्हातारा कंटाळून जे दिसेल ते बटण दाबतो. म्हणून प्रचारात चिन्हाइतकाच क्रमांक सांगा.

माघारीपासून मतदानापर्यंत कायद्याने किमान चौदा दिवस असतात. २०२४ ला ४ नोव्हेंबरला माघार आणि २० नोव्हेंबरला मतदान. शेवटचे दोन दिवस प्रचारबंदीचे. त्यात नुकतीच झालेली दिवाळी, भाताची कापणी-झोडणी. एवढ्या दिवसांत एका माणसाचं नवं चिन्ह तीनशे केंद्रांवर पोचवायचं असतं.

आकडा गावाच्या मापाने मांडा

तळकोकणातल्या मतदारसंघांत साधारण सव्वादोन लाखांच्या घरात मतदार आणि तीनशेच्या आसपास मतदान केंद्रं. दीड लाख वैध मतं पडली असं धरा. अनामत वाचवायला त्याच्या एक षष्ठांशाहून जास्त, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर मतं लागतात. ‘नोटा’ची मतं या हिशेबात धरत नाहीत. पंचवीस हजार भागिले तीनशे: एका केंद्रावर त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी मतं. घरटी तीन-चार मतं धरली तर पंचवीस घरं.

आता हा हिशेब वहीत उतरवा. एका केंद्राखाली कोणत्या वाड्या येतात, प्रत्येक वाडीत घरं किती, आणि पंचवीस घरं आपली म्हणून कोणाच्या भरवशावर म्हणतोय, त्या माणसाचं नाव. ज्या केंद्रासमोर नाव लिहिता येत नाही तिथे तुमचा पाठिंबा नाही, सभेला टाळ्या कितीही पडल्या असू देत. पहिल्यांदा वही भरलीत की तीनशेपैकी नव्वद-शंभर केंद्रांसमोरच नावं येतील. घाबरू नका, पण त्या शंभरांवरच जोर लावा. उरलेल्या दोनशेंवर गाडी फिरवून डिझेल जाळणं हा हौसेचा भाग झाला.

वाडीत गेल्यावर भाषण नको. संध्याकाळी सातनंतर, दिवाबत्ती झाल्यावर, कोणाच्या तरी पडवीत पंधरा माणसं जमवा. उमेदवाराला खाली बसू दे. विषय वाडीचाच निघाला पाहिजे: साकव वाहून गेलाय, माकडांनी काजू ठेवला नाही, एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांनी मासळी संपवली, महामार्ग अजून होतोच आहे. प्रश्न कोणता हे सगळ्यांनाच माहीत असतं. आमदाराच्या हातात त्यातलं काय आहे आणि काय नाही, हे जो उमेदवार नीट सांगतो त्याच्यावर लोक विश्वास टाकतात. आणि तिथे एक वाक्य हमखास येणार: ‘गो बाय, मत फुकट कित्याक घालवतंस?’ यावर चिडू नका. वही काढा, केंद्राचा आकडा दाखवा. आमदार निधी सत्ताधारी-विरोधक-अपक्ष न बघता सारखाच मिळतो, हे सांगा. आणि सत्तेशी भांडून जास्तीची कामं आणणं अपक्षाला जड जातं, हेही त्याच दमात सांगा. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात तर अपक्षांना निवडणूक लढवूच देऊ नये अशी शिफारस केली होती. विरोधी कार्यकर्त्याने ती काढली तर तुम्हाला माहीत असलेली बरी. ती कायदा झालेली नाही.

चाकरमानी, नारळ आणि बस

वाडीची मतं अर्धी मुंबईत ठरतात. म्हणून तिथल्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या बैठकीला एकदा तरी जावंच लागतं. तिथे झालेला हॉलचा, चहाचा खर्चही उमेदवाराच्याच खात्यात चढतो, मुंबईत झाला म्हणून सुटत नाही. नाव गावी आणायचं असेल तर नमुना ८ भरून रीतसर बदली करून घ्या, आणि तेही माणूस खरंच गावी राहत असेल तर. दोन्हीकडे नाव ठेवायचं, खोटी माहिती भरायची, हा गुन्हा आहे.

मतदानाला मुंबईहून गाड्या सोडायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये मतदारांना केंद्रावर फुकट नेण्याआणण्यासाठी वाहन भाड्याने घेणं किंवा मिळवणं भ्रष्ट आचरण ठरतं. मोठ्या पक्षाचं निभावतं. अपक्षाच्या मागे मात्र हरलेला पक्ष निवडणूक याचिका घेऊन लागू शकतो. आपापल्या तिकिटाने या, एवढंच सांगा.

त्याच कलमात नारळही बसतो. ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून ‘आमच्याच माणसाला मत, नाहीतर देवाचा कोप’ असं वदवून घेणं हा अवाजवी दबाव आहे. कायद्यात देवाच्या अवकृपेची भीती असं स्पष्ट लिहिलेलं आहे. गावकर-मानकऱ्यांनी आपणहून बोलावलं तर पाया पडून या, नारळाला हात लावू नका. देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी, मंडळाला खुर्च्या, पोरांना क्रिकेटचा सेट, हे मागणारे हक्काने मागतील. ‘निवडणूक झाल्यावर बोलू’ म्हणणंसुद्धा आमिषच झालं. सरळ नाही म्हणा. दोन घरं तुटतील.

पैसा

खर्चाची मर्यादा ४० लाख, पक्षाच्या उमेदवाराला आणि अपक्षाला सारखीच. कागदावर समान. पक्ष स्वतःच्या नावाने करतो त्या सर्वसाधारण प्रचाराला मर्यादा नाही आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या चाळीस स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरत नाहीत. अपक्षाला असा प्रचारक नसतो. त्याच्यासाठी कोणी नट आणलात तर त्या नटाचा सगळा खर्च उमेदवाराच्याच डोक्यावर. पक्षाला देणगी दिली की प्राप्तिकरात सवलत मिळते, अपक्षाला दिली की नाही. देणगीदार व्यापारी असेल तर तो हे लगेच विचारतो.

एकाच माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांच्या वर रोखीने देता येत नाहीत. मंडपवाला, डिझेल पंप, छापखाना यांना सुरुवातीपासून चेक किंवा ऑनलाइन. खर्चाच्या नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या हिशेबाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात किमान तीनदा ती तपासायला न्यावी लागते. चहा, वडापाव, खुर्ची यांचे दर जिल्हा प्रशासन ठरवून देतं. मामाने दिलेली गाडी ‘आपलीच आहे’ म्हणून सोडू नका. तिचंही भाडं त्या दराने लिहा. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर गठ्ठाच्या गठ्ठा जप्त होतो. हे काम बोलघेवड्याला देऊ नका. पतसंस्थेतून निवृत्त झालेला, रोज रात्री जमाखर्च जुळल्याशिवाय न झोपणारा एखादा काका प्रत्येक गावात असतो, त्याला धरा.

मतदानाचा दिवस

मतदान प्रतिनिधी त्याच मतदारसंघातला मतदार हवा आणि त्याच्याकडे उमेदवाराच्या सहीचा नमुना १० हवा. मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी चाचणी मतदान होतं, म्हणजे तो पहाटे साडेपाचला केंद्रावर हवा. डबा, पाणी, पेन, मतदार यादी बरोबर द्या. पक्षाची माणसं जेवण आणतील आणि आग्रहही करतील. जेवायला हरकत नाही, पण जेवणाच्या नावाखाली उठून बाहेर जाऊ नको म्हणावं. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून ‘सतरा सी’ची प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही. तिच्यावर किती मतं नोंदली गेली आणि यंत्राचा क्रमांक असतो. मतमोजणीला तोच कागद टेबलावर लागतो.

निकालानंतर

जिंकला तर पहिल्या बैठकीतलं पत्रक काढून ठेवा. पुढच्या पंधरवड्यात लागेल. हरला तर सगळे पांगतात, आणि नेमकं तेव्हाच एक काम राहतं. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा संपूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, शंभर मतं पडली असली तरी. नाही दिला तर आयोग तीन वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. तेव्हा पतसंस्थेवाल्या काकांना निकालाच्या दुसऱ्या दिवशीच घेऊन बसा. मंडपवाल्याचं बिल राहिलेलं असतं, दोन पावत्यांवर तारीख नसते, उमेदवार फोन उचलत नसतो. त्याच्या घरी जा, सही घ्या, हिशेब द्या, आणि दिल्याची पोच घेऊन तिच्या दोन झेरॉक्स काढा: एक त्याच्याकडे, एक काकांकडे.